चोर, साव आणि कुलूप

कुलूप दोन प्रकारचे असते. एक आपण आपल्या घराला लावतो आणि किल्ली आपल्याच कमरेला ठेवतो. दुसरे विकणारा विकलेल्या वस्तूच्या आतच बसवून देतो आणि किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवून घेतो. पहिले कुलूप फोडणारा चोर, याविषयी कुठल्याही धर्मात किंवा कायद्यात मतभेद नाही. पण दुसऱ्याचे काय? पैसे मोजून, पावती घेऊन घरी आणलेल्या वस्तूचे कुलूप तिच्या मालकानेच उघडले, तर त्याला काय म्हणावे?

हा प्रश्न जगात सर्वांत जास्त गाजला तो व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरून. केळापूर तालुक्यात बसून आम्ही खेळण्याच्या यंत्रावर नीतीची चर्चा करावी, याचे काहींना हसू येईल. परंतु या तालुक्याला हा प्रश्न परका नाही. पांढरकवड्यापासून पाटणबोरीपर्यंत कापूस पेरणारा प्रत्येक जण दर मृगाला त्याला सामोरा जातो. तिथे कुलूप सरकीच्या दाण्यात असते, आणि त्याला वळसा घालून आलेल्या बियाण्याला आपल्या भागाने नावच देऊन टाकले आहे, 'चोरबीटी'. 'चोर' हा शब्द जिथे इतक्या सहजपणे तोंडात येतो, तिथे चोर नेमका कोण हे एकदा तपासून पाहायला हवे. सरकीकडे आम्ही पुढे येऊच. आधी यंत्राकडे पाहू, कारण तिथे प्रश्न जरा स्वच्छ दिसतो.

गेम कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा एक संगणकच. फरक इतकाच, की संगणकावर आपण स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आपल्याला चालवता येतो. कन्सोलवर कंपनीची सही असलेलाच चालतो. ही सही शाईची नसते, आकड्यांची असते. यंत्र सुरू होताना ती तपासते आणि जुळली नाही तर प्रोग्रॅमला आत येऊ देत नाही. समजा, एखाद्या होतकरू मुलाने मराठीची किंवा उर्दूची अक्षरे शिकवणारा छोटासा खेळ स्वतःच्या अकलेने तयार केला. तो खेळ त्याच्या घरातल्या, त्याच्या वडिलांनी विकत घेतलेल्या यंत्रात चालणार नाही. असे घरी लिहिलेले प्रोग्रॅम चालवता यावेत म्हणून हे कुलूप उघडणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या प्रोग्रॅमना 'होमब्रू' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर घरच्या चुलीवरचा जिन्नस.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कन्सोल बऱ्याचदा तोट्यात किंवा नाममात्र नफ्यात विकला जातो आणि भरपाई पुढे गेमच्या विक्रीतून केली जाते. एकेका गेमच्या मागे शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत असते. कुलूप नसेल तर एक जण विकत घेईल आणि हजार जण नक्कल करतील. ही भीती काल्पनिक नाही. आपल्या देशात नव्वदच्या दशकात जे स्वस्त 'टीव्ही गेम' घरोघर आले, ते निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या जपानी यंत्राची नक्कल होते. त्या मूळ यंत्रात कुलपाची चिप नव्हती. म्हणून एका कॅसेटवर शेकडो गेम कोंबून त्या आठवडी बाजारातही विकल्या गेल्या, आणि ज्यांनी ते खेळ रचले त्यांच्या हाती त्यातला एक पैसा पडला नाही. खेळणाऱ्या पोरांना हे कळण्याचे कारण नव्हते. छापून विकणाऱ्यांना मात्र पक्के ठाऊक होते.

याच निन्टेन्डोने १९८५ साली अमेरिकेत यंत्र आणले तेव्हा त्यात कुलूप बसवले. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींचे संभाषण जुळले नाही की यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू होत राही. या कुलपाने नक्कल करणारे थांबले, पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट झाली. स्वतः गेम लिहिणाऱ्या प्रामाणिक कंपन्यांनाही निन्टेन्डोची परवानगी घ्यावी लागू लागली, आणि वर्षाला पाचच गेम काढता येतील अशी अट त्यांच्यावर आली. चोरासाठी लावलेले कुलूप स्पर्धकाच्याही दाराला बसले. कुलपाच्या इतिहासातली ही पहिली शिकवण आहे. कुलूप लावणारा आरंभी चोराचे नाव सांगतो. ते कोणाकोणाला लागते हे मागाहून कळते.

यातून पुढे जे खटले झाले, त्यांतले १९९२ चे दोन निकाल नीतीचा विचार करणाऱ्याने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अटारी गेम्स या कंपनीला निन्टेन्डोच्या चिपचे रहस्य हवे होते. नुसत्या चिपच्या अभ्यासातून ते पुरते उलगडेना, तेव्हा तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात खोटे सांगितले, की न्यायालयीन कामासाठी आम्हाला प्रोग्रॅमची प्रत हवी आहे. आणि ती प्रत मिळवून कुलूप उघडले. न्यायालयात ती हरली. दुसरी कंपनी ॲकोलेड. तिने सेगा कंपनीचे यंत्र आणि कॅसेट बाजारातून विकत घेतल्या, आपल्या लोकांकडून त्या उलगडून वाचून काढल्या, यंत्र कोणती खूण मागते ते शोधले आणि स्वतः रचलेले गेम त्या यंत्रात चालवले. अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. दोघांनाही परक्या यंत्रात आपला गेम चालवायचा होता. एकाने खोटे बोलून किल्ली मिळवली, दुसऱ्याने डोके चालवून. आपल्या घरातली वडीलधारी माणसे ज्याला नियत म्हणतात, ती न्यायालयाच्या तराजूतही कशी वजन धरते, हे या दोन निकालांत दिसते.

आता सोनीच्या प्ले-स्टेशन ३ ची गोष्ट. आमच्या मते या संपूर्ण प्रश्नाचा गाभा तिच्यात आहे. २००६ साली हे यंत्र बाजारात आले तेव्हा कंपनीने त्यात एक सरळ दार ठेवले होते. मालकाला हवे असेल तर तो त्यावर लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली बसवू शकत होता. विद्यापीठांनी ही यंत्रे जोडून गणिते केली. अमेरिकी हवाईदलाने २०१० मध्ये सुमारे १,७०० यंत्रांचा महासंगणक उभा केला. तीन वर्षांहून अधिक काळ या यंत्राचे कुलूप कोणी उघडले नाही. ज्यांच्या अंगी ते उघडण्याचे कसब होते, त्यांच्यापुरते दार उघडेच होते.

जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने त्याच दाराचा आधार घेऊन आतल्या खोलीत डोकावल्याचे जाहीर केले. सोनीने सुरक्षेचे कारण सांगितले आणि १ एप्रिल २०१० रोजी ते दारच काढून टाकले. विकून झालेल्या यंत्रातून, ग्राहकाच्या घरात! अद्ययावत करायचे नाकारले तर इंटरनेटवरचा खेळ बंद, स्वीकारले तर लिनक्स बंद. ज्यांनी त्या सोयीसाठी पैसे मोजले होते त्यांनी दाद मागितली. अमेरिकेत तो दावा आठ वर्षे चालला आणि २०१८ साली माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलरवर मिटला.

दार बंद झाल्यावर वर्षही पुरे झाले नाही. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' नावाच्या गटाने कुलूप कसे उघडते ते व्यासपीठावरून समजावून सांगितले. चूक कंपनीचीच होती. आकड्यांची सही करताना दर वेळी एक नवा, कोणालाही न सुचणारा आकडा घ्यावा लागतो. सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती. दोन सह्या शेजारी मांडल्या की शाळेतल्या बीजगणिताने गुप्त किल्लीचा आकडा निघत होता. या गटाचे म्हणणे सरळ होते: आम्हाला आमचे लिनक्स परत हवे आहे. पुढच्याच महिन्यात हॉट्झने यंत्राची मूळ किल्ली सर्वांसमोर मांडली, सोनीने खटला भरला आणि काही महिन्यांतच तो तडजोडीने मिटला. पण किल्ली बाहेर आली ती आलीच. लिनक्सवाले आत गेले आणि त्यांच्यामागून नकला विकणारेही गेले.

इथे दोष कोणाचा, हे सांगणे सोपे नाही. किल्ली सर्वांसमोर मांडणाऱ्याला, 'पुढे काय होईल ते मला माहीत नव्हते,' असे म्हणता येणार नाही. आणि सरळ दार भिंत घालून बुजवणाऱ्यालाही, 'लोक खिडकीतून का आले,' असे विचारण्याचा अधिकार उरत नाही. प्रामाणिक माणसासाठी दार असते तोपर्यंत खिडकीशी फक्त चोर असतो आणि त्याला ओळखणेही सोपे असते. दार बुजवले की साव आणि चोर एकाच खिडकीशी उभे राहतात. मग पाहणारा दोघांनाही एकच नाव देतो. एकाच नावाखाली साऱ्यांना उभे करण्याची समाजाची ही सवय कोणाला सोसावी लागते, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

मात्र खिडकीतून जाणाऱ्या सावाची जबाबदारी यामुळे संपत नाही. निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्राचे उदाहरण घेऊ. २००८ साली काही तरुणांनी एक गमतीदार फट शोधली. झेल्डा मालिकेतल्या एका गेममध्ये नायकाच्या घोड्याला नाव देता येते. साठवलेल्या खेळाच्या फाइलमध्ये ते नाव प्रमाणाबाहेर लांब लिहिले की यंत्राचा हिशेब चुकायचा आणि आपला प्रोग्रॅम आत शिरायचा. यातून त्यांनी होमब्रू प्रोग्रॅम चालवण्याची सोय तयार केली, ती फुकट दिली, आणि सुरुवातीलाच सूचना लावली, की हे तुम्ही विकत घेतले असेल तर तुमची फसवणूक झाली आहे, पैसे परत मागा. नकलांच्या धंद्याला या गटाचा उघड विरोध होता. कुलूप उघडणाऱ्याने दारावर अशी पाटी लावणे, हे आम्हाला मोठे सभ्यपणाचे वाटते.

परंतु गोष्ट इथे संपली नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गटातल्या प्रमुख कार्यकर्त्याने हा प्रकल्प बंद करत असल्याचे जाहीर केले. सर्वांचे होमब्रू ज्या पायाभूत प्रोग्रॅम-संग्रहावर उभे होते, त्यातला काही भाग निन्टेन्डोच्या साहित्यातून उचललेला असल्याचे त्यांना पूर्वीच ठाऊक होते. आता त्यात आर-टेम्स या मुक्त प्रणालीचे लिखाणही नाव पुसून घातले असल्याचा त्यांचा आरोप होता. त्या संग्रहाच्या काही जाणकारांना हा आरोप मान्य नाही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आम्हाला त्यातले एक महत्त्वाचे वाटते. मुक्त प्रणाली पैसे मागत नाही, कुलूप लावत नाही. लिहिणाऱ्याचे नाव राहू द्या, एवढेच मागते. जिथे कुलूप नाही तिथे माणसाचे इमान जास्त उघडपणे पारखले जाते.

आपला कायदा या बाबतीत, अनेकांना वाटते त्यापेक्षा, शहाणा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. अशा तांत्रिक कुलपाला वळसा देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कधी, तर त्याचा हेतू दुसऱ्याच्या हक्काचा भंग करण्याचा असेल तेव्हा. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा नाही. आणि दुसऱ्याला अशा कामासाठी मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवावी, असे कलम म्हणते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याचा कल कुलूप उघडण्यालाच गुन्हा धरण्याकडे आहे, आणि तिथे काही वर्षांनी एकेक सूट मागत बसावे लागते. आपल्याकडे कायद्याने हेतू विचारला आणि वही मागितली. म्हणजे जे करायचे ते नावानिशी करा, अंधारात करू नका.

आमच्या परंपरेतही या प्रश्नाला लागणारी हत्यारे आहेत. फिक्हमध्ये विक्री आणि इजारा, म्हणजे भाडे, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. विक्रीत वस्तूची मिल्कियत घेणाऱ्याकडे जाते. इजाऱ्यात फक्त वापर मिळतो, मिल्कियत देणाऱ्याकडेच राहते. दोहोंची भेसळ करू नये, असा फकिहांचा कटाक्ष असे, कारण भेसळीत दुबळ्याची फसवणूक होते. आजच्या कंपन्या किंमत विक्रीची घेतात आणि वागणूक भाडेकरूची देतात. भाड्यानेच द्यायचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि भाड्याइतकेच पैसे घ्यावेत. मात्र याच परंपरेचा दुसरा पदरही विसरून चालणार नाही. १९८८ साली कुवेत येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखकाचा आणि संशोधकाचा आपल्या कृतीवरचा हक्क हा खरा, मोलाचा हक्क असून त्यावर अतिक्रमण करता येणार नाही, असा निर्णय दिला. 'वस्तू हातात धरता येत नाही, मग चोरी कसली,' ही पळवाट त्यामुळे उरत नाही. यंत्र माझे, कुलूप माझ्या यंत्राला. पण आतल्या गेमवर रचणाऱ्याची मेहनत अमानत म्हणून आहे. यंत्र उघडावे, अमानतीला हात लावू नये.

आता सरकीकडे येऊ. आपल्या देशात बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली आणि तो आला तो संकरित वाणांतून. संकरित सरकीचे दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून शेतकरी दर हंगामाला दुकानाच्या पायरीशी. हे कुलूप निसर्गाच्या हाताने लावलेले, पण किल्ली विकणाऱ्याकडे. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिला. पण जे बियाणे राखून उपयोगच होत नाही, तिथे राखण्याचा हक्क कागदावरच राहतो. ही किल्ली शेतकऱ्याच्या हाती देण्याचा एक सरकारी प्रयत्न नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने केला. राखून पेरता येईल असे सरळ वाणाचे बीटी बियाणे २००९ च्या हंगामात बाहेर आले आणि लगेच थांबवावे लागले. त्यात मोन्सँटोचे जनुक मिसळलेले असल्याचे पुढे चौकशी समितीनेही म्हटले. घरच्या चुलीवरच्या जिन्नसात परक्याचे मीठ निघाले, आणि ज्याचा त्यात काडीचा दोष नव्हता त्या शेतकऱ्याच्या हातचे बियाणे गेले.

मग आले तणनाशक सोसणारे बियाणे, आपली 'चोरबीटी'. मान्यतेसाठीचा अर्ज कंपनीनेच २०१६ साली मागे घेतला. म्हणजे सरळ दार उघडलेच नाही. निंदणाची मजुरी परवडेना, शेतकऱ्याला बियाणे हवे होते. मग ते खिडकीतून आले. बिलाशिवाय, लेबलशिवाय, उगवण झाली नाही तर कोणाला विचारायचे याचा पत्ता नसलेले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे, सांगून-सवरून पेरले आणि गुन्हे अंगावर घेतले. ते योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण दिवसाढवळ्या नाव सांगून कायदा मोडणारा, आणि रात्री बनावट पाकिटे विकून पसार होणारा, या दोघांनाही 'चोर' हा एकच शब्द पुरवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

तरीही यंत्र आणि शेत यांत एक फरक आहे, आणि तो नजरेआड केला तर आमचे विवेचन लंगडे पडेल. कन्सोल उघडला तर त्याचा बरावाईट परिणाम बहुतांशी घरातल्या घरात राहतो. शेताला भिंती नसतात. फवारलेले तणनाशक वाऱ्याने शेजाऱ्याच्या तुरीवर जाते. परागकण बांध ओळखत नाहीत. वस्तू माझी म्हणून तिचे कुलूप उघडण्याचा हक्क माझा, हे तत्त्व माझ्या उंबरठ्यापर्यंत पुरते. परिणाम बांधापलीकडे जात असेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय तो हक्क पुरा होत नाही. म्हणून बियाण्याची पूर्वतपासणी सरकारने करावी हे रास्तच आहे. पण तपासणीचे दार वर्षानुवर्षे नुसतेच लोटून ठेवायचे आणि खिडकीशी आलेल्यांवर खटले भरायचे, याला राखण म्हणत नाहीत.

आमचे म्हणणे एवढेच आहे. विकत घेतलेल्या वस्तूचे कुलूप उघडण्याआधी माणसाने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. ही वस्तू खरोखर माझी आहे का? हे उघडताना दुसऱ्याच्या मेहनतीवर माझा हात पडतो का? आणि मी जे करतो आहे ते शेजाऱ्याला तोंडावर सांगू शकेन का? या तिन्हींचे उत्तर ज्याला सरळ देता येते, त्याला कोणतीही कंपनी चोर म्हणो, तो साव आहे. आणि जो विकतो, त्यानेही एक प्रश्न स्वतःला विचारावा, की मी पैसे घेतले ते वस्तूचे, की ग्राहकाच्या घरात बसून राहण्याचे? उद्या टीव्ही, ट्रॅक्टर, विहिरीवरचा पंप, सगळ्यांत प्रोग्रॅम असणार आणि सगळ्यांना सही लागणार. तेव्हा हा प्रश्न खेळण्याचा राहणार नाही. पोरांच्या खेळण्यावर त्याचे उत्तर आज शोधून ठेवले, तर उद्या नांगराच्या वेळी ते शोधत बसावे लागणार नाही.